कन्व्हर्टर काढू नकोस : मित्रास पत्र

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा अधूनमधून लागतो, चढावर गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, आणि गॅरेजमध्ये तुला ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झाला आहे, तो काढून त्या जागी साधी नळी बसवू’ असा सल्ला मिळाला, हे वाचून मी लगेच लिहायला बसलो. तसे करू नकोस, एवढे फोनवरही सांगता आले असते. परंतु त्यामागची कारणे तुला नीट कळली, तर पुढची अनेक वर्षे त्या भागाची काळजी तू स्वतःच घेशील, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाचा विषारी धूर निरुपद्रवी करणारा, एक्झॉस्टच्या नळीतला डबा. तो सहसा आपल्या मरणाने मरत नाही. त्याच्यात फिरणारा, घासणारा असा एकही भाग नाही, आणि नीट चाललेल्या इंजिनामागे तो बहुधा गाडीच्या आयुष्याइतका टिकतो. त्याला मारतात त्या गोष्टी इंजिनाकडून येतात : न जळलेले पेट्रोल, जळलेले इंजिन ऑइल, किंवा इंधनातून आलेले एखादे परके द्रव्य. म्हणून कारण न शोधता नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही काही दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो. आणि कन्व्हर्टर काढून टाकला, तर मूळ बिघाड तसाच राहतो आणि तो दाखवून देणारी खूण मात्र आपण पुसून टाकतो.

आत काय असते ते आधी सांगतो. पोलादी कवचाच्या आत चिनी मातीच्या जातीचा एक ठोकळा असतो आणि त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखी आरपार छिद्रे असतात. नेहमीच्या कन्व्हर्टरमध्ये एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशी साठ-एक छिद्रे बसतात. त्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, खडबडीत थर असतो, आणि त्या थरावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. हे धातू साऱ्या कन्व्हर्टरमध्ये मिळून काही ग्रॅमच भरतात, परंतु कण इतके बारीक असल्यामुळे धुराला भिडणारा त्यांचा पृष्ठभाग फार मोठा होतो. त्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळालेल्या इंधनाचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून ऑक्सिजन सुटा होऊन निरुपद्रवी नायट्रोजन उरतो. ही तिन्ही कामे एकाच वेळी साधण्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ याच्या अगदी जवळ राहावे लागते. ते राखण्यासाठीच सायलेन्सरच्या पुढच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो, आणि त्याच्या सांगण्यावरून गाडीचा संगणक क्षणोक्षणी पेट्रोल कमी-जास्त करतो.

आता खऱ्या शत्रूकडे येतो. हा ठोकळा साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसला जागा होतो आणि नेहमीच्या चालण्यात ४०० ते ८०० अंशांच्या दरम्यान सुखाने काम करतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, म्हणजे मिसफायर झाला, की त्या सिलिंडरमधले पेट्रोल आणि हवा दोन्ही जसेच्या तसे बाहेर पडतात आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतात. जी उष्णता इंजिनात गाडी ओढण्यासाठी वापरली जायची, ती सारी त्या ठोकळ्यात निर्माण होते. तापमान ९००-१००० अंशांच्या वर गेले, की धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि कामाचा पृष्ठभाग कायमचा घटतो. ते आणखी चढून १४०० अंशांच्या आसपास पोहोचले, तर ठोकळाच वितळतो, छिद्रे बुजतात, धुराला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि इंजिन गुदमरते. ‘चोक झाला’ असे आपण ज्याला म्हणतो, ते बरेचदा हेच असते.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. बहुतेक आधुनिक गाड्यांत इंजिनाचा दिवा स्थिर लागला असेल, तर लवकर दाखवून घ्यावे एवढाच त्याचा अर्थ असतो. परंतु तो उघडझाप करू लागला, तर मिसफायर इतका वाढला आहे की या क्षणी कन्व्हर्टर जळतो आहे, असे गाडी सांगत असते. त्या वेळी एक्सलरेटर सोडून द्यावा, वेग उतरवावा, सुरक्षित जागी गाडी उभी करून इंजिन बंद करावे आणि जमल्यास गाडी ओढून न्यावी. आचके देणारी गाडी ‘घरापर्यंत तर नेऊ’ म्हणून रेटण्याची जी सवय आपल्याला असते, तिच्यापायी जितके कन्व्हर्टर जातात तितके दुसऱ्या कोणत्याही कारणाने जात नसतील, असे माझे मत आहे. स्पार्क प्लगची किंमत कन्व्हर्टरच्या मानाने नगण्य असते. गाडीच्या पुस्तकात प्लग बदलण्याचे जे अंतर दिले आहे, ते ‘अजून चालतात’ म्हणून कधीही ओलांडू नये.

हेच सूत्र धरले, की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. बॅटरी उतरली असता गाडीला धक्का मारून चालू करू नये, विशेषतः इंजिन गरम असताना, कारण इंजिन पेट घेईपर्यंत आत गेलेले कच्चे पेट्रोल पुढे कन्व्हर्टरमध्ये साठते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबलने चालू करणे बरे. गाडी चालू होत नसताना स्टार्टर लांबवर फिरवत बसू नये. थांबावे आणि कारण शोधावे. कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर उपसण्याची जुनी पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. ती तुझ्या गाडीवर कोणालाही करू देऊ नकोस, कारण तो मुद्दाम घडवलेला मिसफायरच असतो. उतारावर पेट्रोल वाचवायचे म्हणून चालत्या गाडीची किल्ली बंद करणे हेही तसेच. कार्बोरेटरच्या गाड्यांत त्यामुळे न जळलेले मिश्रण थेट पुढे ढकलले जायचे, आणि आजच्या कोणत्याही गाडीत ब्रेकची मदत व स्टिअरिंगचा हलकेपणा जातो, हा त्याहून मोठा धोका आहे. उलट गिअरमध्ये ठेवून एक्सलरेटर पूर्ण सोडला, तर इंजेक्शनची गाडी स्वतःहून पेट्रोल तोडते. तेव्हा घाट उतरण्याची हीच रीत कन्व्हर्टरलाही मानवते आणि ब्रेकनाही.

पेट्रोल भरण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तुला टाकी काठोकाठ भरण्याची आवड आहे हे मला माहीत आहे. पंपावरचे नोझल पहिल्यांदा ‘टक्’ करून थांबले, की तिथेच थांबायचे. टाकीच्या वरच्या भागात मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा असते, आणि तिथली वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात जाते. तो डबा वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालताना ती हळूहळू ओढून जाळली जाते. रक्कम पूर्ण करण्यासाठी किंवा आणखी चार दिवस पुरावे म्हणून नोझल पुन्हा पुन्हा दाबले, की वाफेच्या वाटेने प्रत्यक्ष पेट्रोल त्या डब्यात शिरते. कोळसा भिजतो, इंजिनाकडे हिशेबाबाहेरचे पेट्रोल जाऊ लागते, मिश्रण जाड होते, आणि त्यातला न जळलेला भाग जाळण्याचे काम शेवटी कन्व्हर्टरच्या गळ्यात पडते. अशा वेळी भरून निघाल्यावर लगेच गाडी चालू व्हायला कुरकुरते, आणि आपण दोष पेट्रोलला देतो.

टाकी पार रिकामी करणेही तितकेच वाईट. पेट्रोल संपत आले, की वळणावर किंवा चढावर पंपाला मधूनच हवा लागते, इंजिन अडखळते, आणि ते अडखळणे म्हणजे पुन्हा मिसफायरच. शिवाय टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. पाव टाकी उरली, की भरून घ्यावे.

इंधन कोणते भरतो यालाही फार महत्त्व आहे, आणि याचा इतिहास तुला आवडेल. यूजीन हूड्री नावाच्या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत १९५० च्या दशकातच मोटारीच्या धुरासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तयार केला होता. परंतु त्या काळच्या पेट्रोलमध्ये इंजिनाची खडखड थांबवण्यासाठी शिशाचे संयुग मिसळत असत. हा उपयोग थॉमस मिजली या अमेरिकी अभियंत्याने १९२१ साली शोधला होता. शिसे त्या मौल्यवान धातूंवर थर धरते आणि त्यांना निकामी करते, त्यामुळे हूड्री यांचे यंत्र रस्त्यावरच्या गाड्यांत टिकणे शक्यच नव्हते. १९६२ साली ते वारले, आणि अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून कन्व्हर्टर सर्रास बसू लागले, ते शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करून दिल्यानंतरच. त्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केले होते, म्हणजे शिशाच्या पेट्रोलचे जाड नोझल आत शिरूच नये. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया होता, आणि तिथेही ते २०२१ साली बंद झाले. एका भागाच्या रक्षणाच्या निमित्ताने साऱ्या जगाच्या हवेतले एक विष कमी झाले, हे मला नेहमीच फार मोठे वाटते.

शिशाची भीती आता उरलेली नसली, तरी भेसळीची आहे. म्हणून जिथे विक्री भरपूर होते आणि इंधन ताजे असते, अशा पंपावरच भरावे. चुकून पेट्रोलच्या गाडीत डिझेल गेले, तर किल्लीला हात न लावता टाकी रिकामी करून घ्यावी. पॉवर वाढवणाऱ्या किंवा कन्व्हर्टर ‘साफ’ करणाऱ्या बाटल्या दिसतील, तेव्हा त्यांवर कन्व्हर्टरला चालते असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. वितळलेला ठोकळा कोणतेही द्रावण पूर्ववत करू शकत नाही.

इंजिन ऑइलचे थोडक्यात सांगतो. ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी फॉस्फरस व जस्त असलेले द्रव्य असते. इंजिन ऑइल पिऊ लागले, की ही द्रव्ये धुराबरोबर जाऊन ठोकळ्यावर बसतात. ऑइलची पातळी खुणेच्या वर भरू नये, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल घालावे, निळसर धूर दिसला तर दुर्लक्ष करू नये. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, विनाकारण कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांमधले सील, तपासावे. कूलंटही इंजिनात जळला की कन्व्हर्टरला बाधतो.

थंड इंजिनाबद्दल एक गैरसमज आहे. सकाळी गाडी चालू करून बराच वेळ उभी ठेवली किंवा रेस देत राहिले, तर कन्व्हर्टर लवकर तापतो असे नाही. थंडपणी इंजिन जादा पेट्रोल घेते आणि कन्व्हर्टर अजून जागा झालेला नसतो. म्हणून थोड्याच वेळात निघावे आणि पहिली काही मिनिटे नरमपणे चालवावी. तुझे रोजचे जाणे-येणे अगदी जवळचे असेल, तर मधून मधून एखादी लांबची, मोकळ्या रस्त्यावरची फेरी होऊ दे, म्हणजे एक्झॉस्टमध्ये साठलेले पाणी वाळून जाते आणि काजळीही जळते.

बाहेरून होणारी इजाही आहे. गरम कन्व्हर्टर खोल पाण्यात बुडाला, तर आतला ठोकळा तडकू शकतो. दगडावर किंवा उंच गतिरोधकावर गाडीचे पोट आपटले तरी तेच, आणि मग खालून खुळखुळल्यासारखा आवाज येतो. वाळलेल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर गाडी उभी करू नये. तापलेल्या कन्व्हर्टरने आग लागल्याची उदाहरणे आहेत.

आता तुझ्या गाडीविषयी. कन्व्हर्टरच्या मागेही एक ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढच्या सेन्सरचा आकडा सतत वरखाली होतो आणि कन्व्हर्टर ठीक असेल तर मागच्याचा जवळजवळ स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला, की संगणक पी ०४२० हा बिघाडाचा कोड नोंदवतो. परंतु एक्झॉस्टच्या नळीला बारीक चीर असली किंवा सेन्सर म्हातारा झाला असला, तरीही तो कोड येऊ शकतो, म्हणून केवळ त्यावरून निकाल देऊ नये. खरोखर चोक आहे का, हे पुढच्या सेन्सरच्या जागी दाब मोजणारा गेज लावून थोड्या वेळात पाहता येते. तुझा दिवा मधूनच लागतो आणि गाडी चढावरच ढिली पडते, यावरून मला पहिला संशय प्लग किंवा त्याला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलचा येतो; इंजिनावर भार पडला की ठिणगीला अधिक विद्युत दाब लागतो, आणि कमकुवत कॉइल नेमकी तिथेच हार मानते. तसे असेल, तर पी ०३०० किंवा त्याच्या पुढचे मिसफायरचे कोड निघतील आणि शेवटच्या आकड्यावरून कोणता सिलिंडर हेही कळेल.

नळी बसवण्याचा विचार तर मनातून काढच. अनेक देशांत तो गुन्हा आहे, मागच्या सेन्सरमुळे दिवा कायमचा लागून राहील, आणि ज्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही नि वासही नाही, तो तुझ्या मागून चालणाऱ्या माणसांच्या श्वासात जाईल. कन्व्हर्टर खरोखरच गेलेला निघाला, तर आधी कारण दुरुस्त करून मग नवा बसव.

तेव्हा उद्या स्कॅनर असलेल्या दुसऱ्या एखाद्या गॅरेजमध्ये जाऊन कोड वाचून घे, आणि ते पुसण्याआधी कागदावर लिहून ठेव. प्लग बाहेर काढले, तर प्रत्येकाचा फोटो सिलिंडरच्या क्रमाने काढ. काय निघाले ते मला कळव. तोवर चढाच्या रस्त्याने जाऊ नकोस, आणि दिवा उघडझाप करू लागला तर गाडी तिथेच उभी कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव