कॅम्परव्हॅनच्या पाण्याचा हिशेब घाटाखालीच व्हावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

होळी झाली की वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात आणि साताऱ्याहून कासकडे जाणाऱ्या यवतेश्वरच्या चढाला झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या गाड्या दिसू लागतात. पळस ओसरत आलेला, पांगारा लालभडक, जांभळीला तांबूस पालवी आणि महाबळेश्वरच्या रानात अंजनीची निळी-जांभळी फुले थेट फांदीला लगडलेली. हे दिवस गाडीतच मुक्काम करून पाहण्यासारखेच आहेत आणि लोक ते पाहायला येतात याचा आम्हाला आनंद आहे. पण या गाड्या बांधताना आणि घाटातून नेताना एक हिशेब हमखास चुकतो, तो पाण्याचा.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २०० लिटरची टाकी भरली की तीन माणसांचे वजन वाढले. ही टाकी बहुधा मागच्या पलंगाखाली, म्हणजे मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवतात. तिथले वजन तरफेसारखे काम करते. मागची चाके दबतात, पुढची हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटते आणि पुढचे ब्रेक हवे तसे धरत नाहीत. टाकी अर्धी असेल तर वळणावर पाणी एका अंगाला जाते आणि गाडी झोल खाते. टाकीत भोके असलेले आडवे-उभे पडदे हवेत आणि टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये, जमेल तितकी खाली हवी. त्यात १८ मिलिमीटर प्लायवूडचे आठ बाय चारचे एक शीट तीस किलोच्या पुढे जाते, १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची. फर्निचर १२ मिलिमीटरमध्ये झाले तर कुणाचे काही अडत नाही.

वजन अंदाजाने सांगू नये. आपल्या ऊसपट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. डिझेल, पाणी, सामान आणि सगळी माणसे घेऊन काट्यावर जावे. आधी फक्त पुढची चाके चढवून आकडा घ्यावा, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलवरचा भार कळतो. एकूण आकडा आरसीवरच्या कमाल वजनापेक्षा शंभर-दीडशे किलोने कमीच असावा. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघावी. दुपारी तापल्यावर दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडली, तर रात्रीच्या गारव्यात तोच टायर कमी हवेवर चालतो.

आता उताराचे. पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर, वाई सातशेच्या थोडी वर. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांत जवळपास पावणेसहाशे मीटर उतार. साडेतीन टनांची गाडी एवढी खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात साठ लिटर गार पाणी उकळीला येईल. ही उष्णता इंजिनाने खाल्ली नाही तर ब्रेकनेच खायची. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. पायाचा ब्रेक नुसता टेकवून ठेवू नये. जोरात दाबावा, वेग उतरला की पूर्ण सोडावा, म्हणजे लायनरला गार व्हायला वेळ मिळतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आणि इंजिन बंद करणारे अजूनही भेटतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखे कडक होते आणि पॉवर स्टिअरिंगही जाते.

याच्या उलट, पेडल मऊ होऊन खालपर्यंत गेले तर दोष ब्रेक ऑइलचा. ते हवेतली ओल शोषते. नवे डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळते, ओल धरलेले १४० लाच. उकळले की पाइपात वाफ होते आणि वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, वजनदार गाडीला कंपनीला चालत असेल तर डॉट ४ घालावे. जळका वास आला की रुंद जागी थांबावे, अर्धा तास तरी. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तडा जातो. चाकाला लाकडी ठोकळा लावावा. दगड लावला असेल तर निघताना तो उचलून कठड्याशी ठेवावा. अंधारात त्याच दगडावर मोटारसायकल येते.

वाई-पाचगणी रस्त्यावरच्या वडांच्या फांद्यांचा विसर पडू नये. टपावर एसी, सोलर पॅनेल आणि सावलीसाठी उघडणारी छत्री बसवली की उंची दहा फुटांच्या घरात जाते. ती मोजून डॅशबोर्डवर चिकटवावी. वळवाची सर यायच्या आत छत्री मिटावी. सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळपठारावरचा, वारा ती पॅनेलसकट उपटतो.

मग पाणी किती न्यावे? आमच्या मते चढताना चाळीस लिटर पुरे, बाकीचे वर भरावे. आणि इथेच खरी अडचण आहे. वर भरायला आणि वापरलेले सोडायला ठरलेली जागाच नाही. मग भांड्यांचे-आंघोळीचे सांडपाणी वळणावर व्हॉल्व्ह उघडून सोडले जाते. साबण-तेलाच्या त्या ओल्या पट्ट्यावर दुचाकी घसरते. त्याहून गंभीर प्रकार कासच्या बाजूला. कास तलाव हा सातारा शहराचा पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे. त्याच्या वरच्या अंगाला टाकी रिकामी करणे म्हणजे सातारकरांच्या माठात ओतणे. कॅसेट टॉयलेटची, म्हणजे गाडीतल्या संडासाची, काढून नेता येणारी १८-२० लिटरची टाकी दोघांना दोन-तीन दिवस पुरते, पुढे ती कुठे रिकामी करायची हे कुणीच सांगत नाही. तिच्यातले काही रसायन सेप्टिक टँकमधले जिवाणू मारते, त्यामुळे हॉटेलवालेही नाही म्हणतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

चैत्रात सडा करपलेला दिसतो, पण दोन-चार इंच मातीत कंद आणि बिया पावसाची वाट पाहत असतात. चाकाने माती दबली की त्या जागी फूल येत नाही. शिवाय बीएस-६ डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःला साफ करतो तेव्हा आतली उष्णता ५००-६०० अंशांवर जाते. वाळल्या गवतावर गाडी उभी केली तर वणव्याला काडी लागत नाही. डांबर किंवा उघडा कातळ सोडून कुठेही थांबू नये, आणि आत शेगडी पेटवून झोपू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला झरोका तळाशी आणि बाहेर उघडणारा हवा.

राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात कॅरव्हॅन पार्कची कल्पना आहे. मोठ्या पार्कची वाट न पाहता साताऱ्यात यवतेश्वर चढाच्या पायथ्याशी, वाईत आणि पाचगणीत तीन छोट्या जागा कराव्यात, ही आमची मागणी. लागते ते थोडेच : मध्याकडे उताराचा तीन बाय चार मीटरचा काँक्रीटचा ओटा, मध्ये झाकणाचा चेंबर, त्यातून चार इंची पाइप वास अडवणाऱ्या ट्रॅपमार्गे शहराच्या भुयारी गटारात. गटार नसेल तिथे वेगळी बंद टाकी आणि मैला उपसणारी गाडी. धुण्याचा नळ चेंबरपाशी, पिण्याचा नळ किमान दहा फूट दूर आणि वेगळ्या रंगाचा, कारण एकच पाइप दोन्हीकडे लावला की कॅसेटची घाण पिण्याच्या टाकीत जाते. गाडीमागे माफक शुल्क घ्यावे आणि पावतीवर तारीख-वेळ छापावी. कासच्या नाक्यावर आत सोडण्यापूर्वी ही पावती पाहिली, तर वर टाक्या रिकाम्या होणे पहिल्याच हंगामात थांबेल. पावसाळ्यात काँक्रीट होत नाही, त्यामुळे ओटे मेअखेरपर्यंत ओतून व्हायला हवेत.

आपले,
गाड्यांची बॉडी बांधणारे आणि घाटात गाडी चालवणारे काही वाचक,
सातारा