साहेब, फोन माझा, काम तुमचं, मग गेलेले पैसे कुणाचे?

मा. शिक्षणमंत्री साहेब, कर्नाटक, सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत शिक्षिका. गेल्या आठवड्यात खात्यातून 48 हजार गेले, मुलीच्या फीचे. कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेच्या ॲपचं 'अपडेट' पडलं, एपीके फाईल म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप, खाली 'आज संध्याकाळपर्यंत सर्वांनी टाकणे, अन्यथा नोटीस'. टाकलं. एसएमएस वाचायची परवानगी मागितली, दिली, कारण तुमची खरी ॲपंही लोकेशन, कॅमेरा, गॅलरी सगळं मागतातच की हो! रात्री ओटीपी चोराने परस्पर वाचला. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन केला, त्यांनी तक्रार नंबर दिला. शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेले तर तिथले साहेब म्हणतात, "मॅडम, फोन तुमचा पर्सनल आहे."

अस्सं! हजेरी टाकताना, दुपारच्या जेवणाचे फोटो पाठवताना तो सरकारी, पैसे गेले की पर्सनल. रिचार्ज कोण मारतं तेही विचारा जरा.

2025 च्या जातसर्वेक्षणात ते 60 प्रश्न दारोदार विचारले ते ह्याच फोनवर. हायकोर्टाने सांगितलं माहिती गुप्त ठेवा. लाखाच्या वर मास्तर-बाईंचे फोन, त्यावर घरची पोरं गेम खेळतात, कसलं गुप्त? पोरांच्या आधारकार्डांचे फोटो माझ्या गॅलरीत सासूबाईंच्या रिपोर्टांशेजारी पडलेत, ते कधी पुसायचे ह्याचा एक आदेश नाही. 2023 च्या डेटा कायद्यात माहिती नीट न सांभाळल्यास 250 कोटींपर्यंत दंड आहे म्हणे, तो माझ्या पगारातून कापणार काय? आणि प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे हा सुप्रीम कोर्टाचा 2017 चा निकाल ज्यांच्या अर्जावर लागला ते पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त जज्ज! बेंगळुरूत विसरले वाटतं.

आम्ही सीमाभागातले तर मोजणीतच नाही. 1956 पासून कागद मराठीत द्या म्हणून घसा कोरडा, आदेश येतो कन्नडमध्ये, ॲप बोलतं इंग्रजी, आणि कणकुंबीकडे पावसात नेटवर्क शोधत झाडाखाली उभी राहते ती बाई. लाईट गेली की तेही गेलं. मग 'काम पेंडिंग' म्हणून ग्रुपवर सगळ्यांसमोर नाव.

शाळेला एक फोन न् सिम द्या, ग्रुपवर एपीके पाठवणं बंद करा, माझे 48 हजार कोण देणार ते लेखी कळवा. नाही जमत? मग हिवाळी अधिवेशनाला बेळगावात याल तेव्हा सगळ्या मंत्र्यांनी आपापले फोन आठवडाभर आमच्या शाळांच्या कामाला द्या, गॅलरी आणि ओटीपीसकट.

खानापूर तालुक्यातली एक शिक्षिका