जास्त पॉइंट जिंकूनही

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तिसऱ्या सेटऐवजी दहाचा टायब्रेक लावला, म्हणजे दोनच्या फरकाने आधी दहा पॉइंट घेईल तो जिंकला, आणि तो तू ८-१० असा हरलास आणि वर एकूण पॉइंट मात्र तुझेच जास्त. मोजणी बरोबर आहे, मी तपासली. पण फोनवर तू ‘हे टेनिसच नव्हे’ म्हणालास, त्याचं उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून हे पत्र.

संयोजकांना कोर्ट रिकामं करायची घाई होती, हे खरं असेलही. पण बाळा, टायब्रेक जन्मालाच घाईतून आलाय. अमेरिकेत न्यूपोर्टला जिमी व्हॅन अॅलन नावाचे गृहस्थ होते, तिथल्या स्पर्धेचे सूत्रधार. १९५४ साली त्यांच्या डोळ्यांदेखत अंतिम सामना ६-३, ९-७, १२-१४, ६-८, १०-८ असा रेंगाळला. एकूण ८३ गेम! दोन गेमचा फरक पडल्याशिवाय सेट संपतच नसे; तेव्हापासून तो कुठेतरी थांबलाच पाहिजे, हा ध्यास त्यांनी घेतला. जुन्या मंडळींना त्यांचं बोलणं म्हणजे पाखंड वाटायचं.

मग १९६९ चं विम्बल्डन. पहिल्याच फेरीत पांचो गोन्झालेस, वय ४१, आणि समोर चार्ली पासारेल, २५ वर्षांचा. पहिला सेट २२-२४. अंधारून आलं, दिसत नाही म्हणून गोन्झालेस तक्रार करत राहिला, खेळ चालूच ठेवला तसा त्याने चिडून दुसरा सेट सोडूनच दिल्यासारखा घालवला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी तोच माणूस सात मॅच पॉइंट वाचवून १६-१४, ६-३, ११-९ असा जिंकला, आणि त्याच प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ११२ गेम, पाच तास बारा मिनिटं.

पुढच्याच वर्षी अमेरिकन ओपनने टायब्रेक आणला. तो आजच्यासारखा नव्हता, नऊ पॉइंटांचा होता. आधी पाच घेईल तो जिंकला आणि ४-४ झाले तर एकच पॉइंट, तुझाही सेट पॉइंट, माझाही. टायब्रेक चालू असेल त्या कोर्टावर लाल निशाण लावायचे. खेळाडू वैतागले, प्रेक्षक खूश. दोनच्या फरकाने जिंकायचा, आपल्याला माहीत असलेला टायब्रेक नंतर रुळला. व्हॅन अॅलनना तोही आवडला नाही, त्याला ते ‘रेंगाळतं मरण’ म्हणायचे! विम्बल्डनने १९७१ मध्ये ८-८ गेम झाल्यावर टायब्रेक घेतला, १९७९ मध्ये ६-६ वर आणला. पण निर्णायक सेटला हात लावला नाही. तो कितीही लांबो.

आणि तो लांबला. जून २०१०, कोर्ट क्रमांक १८, जॉन इस्नर आणि निकोला माहू. माहू बिचारा पात्रता फेरीतून आलेला. तिथेही एक सामना २४-२२ असा तिसरा सेट खेळून जिंकलेला. मंगळवारी संध्याकाळी दोघे कोर्टवर उतरले, दोन-दोन सेट झाले आणि अंधार पडला. बुधवारी आपल्याकडे सातच्या आधीच पाचवा सेट सुरू झाला. तू लहान होतास, तुला जेवू घालून, निजवून टीव्हीसमोर आले तरी तोच सेट. ४७-४७ वर धावफलकच बंद पडला, कारण त्यापुढे मोजायचं त्याला शिकवलंच नव्हतं. पंच मोहम्मद लाह्यानी उंच खुर्चीत बसून शांतपणे आकडे पुकारत होते. ५९-५९ ला पुन्हा अंधार, आपल्याकडे रात्रीचा दीड वाजून गेलेला. तुझे बाबा म्हणाले, “नाणं उडवा आणि घरी जा.”

इस्नर आधी सर्व्हिस करत होता, म्हणजे माहू कायम एका गेमने मागे. ४-५ पासून पुढे प्रत्येक सर्व्हिस त्याला सामन्यात टिकण्यासाठीच करायची होती. ६४ वेळा त्याने ती राखली, म्हणजे आपल्या सर्व्हिसचा गेम जिंकला. ६८-६९ ला, गुरुवारी दुपारी, इस्नरचा बॅकहँड रेषेलगत माहूच्या बाजूने निघून गेला आणि संपलं. ७०-६८. एकूण अकरा तास पाच मिनिटं. इस्नरच्या ११३ बिनतोड सर्व्हिस, माहूच्या १०३.

आता तुझ्या मोजणीकडे येते. त्या सामन्यात माहूने ५०२ पॉइंट जिंकले आणि इस्नरने ४७८. हरला माहू. बरं, इस्नरला तरी काय मिळालं? पुढच्या फेरीत थिएमो डी बाकरने त्याला ६-०, ६-३, ६-२ असा गुंडाळला. त्याच्यात उभं राहायचंही त्राण नव्हतं.

तरी नियम बदलायला २०१९ उजाडावं लागलं. २०१८ च्या उपांत्य सामन्यात केव्हिन अँडरसनने पाचवा सेट २६-२४ असा घेतला (समोर पुन्हा इस्नरच, याचं नशीबच तसं) आणि अंतिम फेरीत जोकोविचपुढे तो थकलेलाच उतरला. तेव्हा कुठे विम्बल्डनने १२-१२ वर टायब्रेक मान्य केला. त्याच वर्षी अंतिम सामन्यात तो लागला. फेडरर ८-७, ४०-१५, हातात दोन मॅच पॉइंट, सर्व्हिसही त्याचीच. दोन्ही गेले. तिन्ही टायब्रेक जोकोविचने घेतले आणि सामनाही. पॉइंट? फेडरर २१८, जोकोविच २०४. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये निर्णायक सेटला ६-६ वर तुझाच तो दहाचा टायब्रेक असतो.

मला विचारशील तर ७०-६८ पुन्हा बघायला मिळणार नाही याचं थोडं वाईट वाटतं. पण ते वाटणं सोफ्यावर बसलेल्या बाईचं आहे, माहूच्या पायांचं नाही. एकूण पॉइंटांवर निकाल लावायचा तर ४०-० वरून गेम सोडून देणारा आणि ड्यूसवर, म्हणजे ४०-४० वर, झगडणारा सारखेच ठरतील. तुझ्याच मोजणीत बघ, दुसरा सेट तू ६-१ घेतलास, सगळी आघाडी तिथलीच आहे. टायब्रेकमध्ये ८-८ वर सर्व्हिस कोणाची होती आणि तू दुसरी सर्व्हिस कुठे टाकलीस, ते मला लिही.

हो, एक राहिलंच. २०११ च्या विम्बल्डनचा ड्रॉ निघाला आणि पहिल्याच फेरीत पुन्हा इस्नर विरुद्ध माहू! सगळे घड्याळं सरसावून बसले. इस्नरने तीन सेटमध्ये, दोन तास तीन मिनिटांत उरकलं.

शनिवारी येणार असलास तर आधी कळव. रॅकेटचं गटिंग, तारा ओढून बांधणं, इथेच करून घेऊ, तिकडचा माणूस फार सैल ठेवतो.

तुझी,
आई