बंद दाराआड माझं नाव घेणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

ऑफिसात आपण सगळेच एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारत आलो, पण मराठीत लिहायला बसले आणि ‘ताई’ म्हटल्याशिवाय पेन पुढे सरकेना. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, की अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या विमा कंपनीत तुम्ही माझ्या वरिष्ठ होतात, कृष्णवर्णीय अमेरिकन. तुमचं नाव या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा ‘भाषणं नकोत’ म्हणून तुम्ही आधीच बजावलं होतं. इंग्रजीतून आभार मी तेव्हा मानले. आता मराठीत लिहितेय, कारण एडिसन, प्लेन्सबरो, जर्सी सिटीतल्या माझ्या मैत्रिणींनी हे वाचावं आणि पुण्या-नागपुरातून इथे यायची तयारी करणाऱ्या मुलींनीही वाचावं, असं मला फार वाटतं. तुम्हाला मी ते फोनवर वाचून, अर्थ सांगत ऐकवीन.

सांगलीत इंजिनियर झाले, पुण्यात विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर काम केलं, टीम सांभाळली आणि लग्नानंतर एच-४ व्हिसावर न्यू जर्सीत आले. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या बायकोचा हा व्हिसा. त्यावर तेव्हा देशात राहता यायचं, पण कमावता यायचं नाही. त्यात भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब, की त्या रांगेत बायकांची उमेदीची वर्षं सरतात. मे २०१५ मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या नवऱ्यांचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाला होता, त्यांच्यासाठी कामाच्या परवान्याची वाट मोकळी झाली. परवाना हातात आला तेव्हा माझ्या रेझ्युमेमध्ये मोठी पोकळी होती. मुलाखत घेणाऱ्यांची नजर तिथेच अडकायची. पोकळीच्या आधी काय केलं होतं, हे कोणी विचारत नव्हतं.

तुम्ही विचारलंत. दाव्यांसाठी बाजूला काढलेली रक्कम कमी पडणार आहे, हे आकड्यांवरून किती आधी ओळखता येईल, यावर आपण बराच वेळ बोललो. पॅनेलमधल्या एकाने शेवटी त्या वर्षांचा विषय काढलाच. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘काम करायला कायद्याने बंदी होती. तिच्या क्षमतेशी त्याचा काय संबंध?’ विषय तिथे संपला.

पण या पत्राचं खरं कारण मुलाखत नाही. वर्षअखेरीला सगळे मॅनेजर एका खोलीत बसून प्रत्येकाचं रेटिंग ठरवतात, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. ज्याचं भवितव्य ठरतं, तो त्या खोलीत नसतो. २०२१च्या अखेरीला तिथे माझ्याबद्दल काय बोलणं झालं, ते मला फार उशिरा, तिथे हजर असलेल्या एका सहकाऱ्याकडून कळलं. तुम्ही स्वतः एका शब्दाने कधी सांगितलं नाहीत.

‘कामाला पक्की आहे, पण लीडरशिपसाठी अजून तयार वाटत नाही. गप्प असते.’ भारतीय, चिनी, फिलिपिनो बायकांच्या वाट्याला हे वाक्य कायम येतं. कृष्णवर्णीय बायकांना नेमकं उलट ऐकावं लागतं: फार बोलते, आवाज चढवते. एकीने तोंड उघडावं आणि दुसरीने मिटावं, म्हणजे दोघी लायक! तुम्ही त्या खोलीत एवढंच विचारलंत, ‘कोणत्या मीटिंगमध्ये गप्प होती? एक उदाहरण द्या.’ कोणालाच देता आलं नाही. मग तुम्ही आयडा वादळाचा विषय काढलात. त्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीच्या पावसाने न्यू जर्सीत रस्ते बुडाले, गाड्या बुडाल्या, आपल्याकडे दाव्यांचा ढीग लागला. सांगलीच्या माणसाला पुराचं पाणी समजावून सांगावं लागत नाही. गाडीत पाणी कुठवर चढलं होतं हे फोटोवरून पाहून दावे आधीच वेगळे काढायचे, डॅशबोर्डापर्यंत बुडालेल्या गाड्यांसाठी तपासनिसाची वाट न बघता पुढची कारवाई सुरू करायची, ही पद्धत मी बसवली होती. लोकांना पैसे लवकर मिळाले. ते सगळं तुम्ही तारखांसकट मांडलंत आणि ‘ही लीडरशिप नसेल तर लीडरशिप कशाला म्हणायचं ते मला लिहून द्या’ असं म्हणालात. माझ्या कागदावरचा ‘अजून तयार नाही’ हा शेरा पुसला गेला.

सल्ला देणारे मला पुष्कळ भेटले. उच्चार सुधार, नेटवर्किंग कर, आत्मविश्वास वाढव. दोष माझ्यातच आहे असं धरूनच तो सल्ला यायचा. माझ्या पाठीमागे माझ्यासाठी शब्द टाकणारं माणूस मात्र तुमच्याआधी कोणी नव्हतं. असा शब्द फुकट पडत नाही, हेही मला नंतर कळलं. गोऱ्या मॅनेजरने गोऱ्या मुलाची शिफारस केली तर त्याची पारख चांगली ठरते. तुम्ही माझी केलीत तर ‘आपल्यासारख्यांना पुढे आणते’ म्हणायला लोक मोकळे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं आहे: विविधतेचा आग्रह धरणाऱ्या स्त्रियांना आणि गोऱ्या नसलेल्या अधिकाऱ्यांना वरिष्ठांकडून कमी गुण मिळतात, आणि गोऱ्या पुरुषांना मात्र त्याच आग्रहाची तशी किंमत मोजावी लागत नाही. माझ्यासाठी तुम्ही तुमचं वजन खर्च करत होतात, आणि ते तुम्हाला पूर्ण ठाऊक होतं.

तुम्ही स्वतः काय सोसलंत, ते कधीतरी ओझरतं बोललात. केस सरळ करण्यासाठी वर्षानुवर्षं घालवलेले रविवार, टाळूची आग. कुरळे केस, वेण्या ‘प्रोफेशनल’ दिसत नाहीत, म्हणून. डिसेंबर २०१९ मध्ये न्यू जर्सीने क्राउन अ‍ॅक्ट केला, केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी आली आणि नव्या वर्षात तुम्ही बारीक वेण्या घालून मीटिंगला आलात. बोलण्याची सुरुवात तिमाहीच्या आकड्यांनी केलीत. मी समोर बसून बघत होते आणि मला तुमचा अतोनात अभिमान वाटत होता.

तुमच्याकडून शिकलेली एक गोष्ट मी प्रत्येकीला सांगते: आकड्यांचे रकाने नीट वाचायचे. कंपनीच्या अहवालात ‘स्त्रिया’ या रकान्यात वाढ, ‘आशियाई’ रकान्यातही वाढ. सगळे खूश. तुम्ही विचारलंत, आशियाई स्त्रिया किती? ब्लॅक स्त्रिया किती? वाढलेल्या स्त्रिया बहुतेक गोऱ्या होत्या आणि वाढलेले आशियाई बहुतेक पुरुष. दोन्ही रकान्यांत असलेली बाई कुठेच दिसत नव्हती. त्या दिवशी कॉफी घेताना तुम्ही मला सेंट लुईसचा खटला सांगितलात. जनरल मोटर्सने १९६४ पूर्वी तिथे कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदीत ‘शेवटी आला तो आधी जाईल’ या नियमाने कपात झाली आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया बाहेर पडल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ मध्ये कोर्ट म्हणालं, स्त्री म्हणून दाद मागा किंवा कृष्णवर्णीय म्हणून मागा, दोन्ही एकत्र करून नवा वर्ग तयार करता येणार नाही. कंपनीत स्त्रिया होत्याच की, गोऱ्या! कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये याच निकालावर बोट ठेवून इंटरसेक्शनॅलिटीचा, म्हणजे वंश आणि लिंग यांवरचे भेदभाव एकमेकांत गुंतलेले असतात हा, विचार मांडला. आमच्या अहवालातले रकाने मला त्या दिवसापासून वेगळे दिसू लागले. ‘आशियाई’ म्हटलं की आम्ही सगळे एक, असं इथे धरतात. त्या एका रकान्यात आमची जात कशी लपून बसते आणि दलित मुलीला भारतीय टीममध्ये काय काय ऐकावं लागतं, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत, घाईने सहमतीही दाखवली नाहीत. प्रश्न विचारत राहिलात. सिएटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, तेव्हा बातमी मला आधी तुमच्याकडून आली.

मॅकिन्सी ही सल्लागार कंपनी आणि लीन इन ही स्त्रियांसाठी काम करणारी संस्था यांच्या २०२३च्या पाहणीत, अमेरिकेत पहिल्या पायरीवरून मॅनेजर झालेल्या दर १०० पुरुषांमागे ८७ स्त्रिया होत्या आणि विमेन ऑफ कलर, म्हणजे आपल्यासारख्या गोऱ्या नसलेल्या स्त्रिया, ७३. सगळ्यात वरच्या वर्तुळात स्त्रिया २८ टक्के, आणि आपण एकूणाच्या जेमतेम ६ टक्के. गळती पहिल्याच बढतीपासून सुरू होते, तर मग वर कोण उरणार?

म्हणूनच तुम्ही मला अ‍ॅनालिटिक्समधून, म्हणजे आकड्यांच्या विश्लेषणातून उचलून क्लेम्स ऑपरेशन्सकडे, दावे निकाली काढणाऱ्या विभागाकडे ढकललंत. मला जायचं नव्हतं. तिथे माणसं, बजेट, रात्रीबेरात्रीचे फोन, चुकलं तर नाव आपलं. तुमचं म्हणणं एकच होतं: नफ्या-तोट्याची जबाबदारी ज्याच्या हातून गेली आहे, त्यालाच वर नेतात. आपल्याला एचआर, विविधता, कम्युनिकेशन अशा कडेच्या खोल्यांत मानाने बसवतात आणि पुढे ‘बिझनेसचा अनुभव नाही’ म्हणतात. अर्सुला बर्न्स यांची गोष्ट तुमची लाडकी. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या सरकारी वसाहतीत वाढलेली मुलगी, १९८०च्या उन्हाळ्यात झेरॉक्समध्ये इंटर्न, पुढे जगभरच्या उत्पादनाची जबाबदारी आणि २००९ मध्ये सीईओ. फॉर्च्युन ५००, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या पाचशे कंपन्यांपैकी एक चालवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तुम्ही त्या गोष्टीतला एकच तुकडा मला पुन्हा पुन्हा सांगायचात: एका मोठ्या अधिकाऱ्याला तिने भर सभेत सुनावलं आणि पुढे त्यानेच तिला आपली सहायक म्हणून घेतलं. वरच्या निर्णयांच्या खोलीत ती तिथून पोचली. दार उघडणारं कोणीतरी लागतंच, मग बाई कितीही हुशार असो.

आणि पगार. त्या बढतीच्या वेळी मी किती मागू, हे मला कळेना. आमच्या घरात बाईने पैशांवरून घासाघीस करायची पद्धत नव्हती. तुम्ही दार लावलंत आणि त्याच पदावर असताना तुम्हाला काय मिळत होतं, तो आकडा सांगितलात. तुमच्याबरोबरच्या पुरुषाला काय मिळत होतं, तोही. इतकं उघडं माझ्याशी इथे कोणी बोललं नव्हतं. माझ्या स्वतःच्या लोकांपैकीही कोणी नाही. मी मागितलं ते मिळालं. त्यातून आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतेय.

आता थोडं माझ्या मराठी वाचकांशी बोलते, ताई, तुम्हीही ऐका. आपण इथे मेहनतीने आलो, हे खरं. पण १९६५च्या आधी भारतातून वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा होता. देशावरून माणूस मोजणारी ती पद्धत मोडली ती नागरी हक्कांच्या लढ्याच्या वर्षांत, त्या लढ्याने देशाला लाज आणली म्हणून. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, ते कृष्णवर्णीय लोक. त्या दरवाज्यातून आपण आलो. आणि आपल्या दिवाळीच्या फराळाला त्यांच्याबद्दल जे बोललं जातं, त्यांच्या वस्तीत घर घेऊ नका म्हणून जे सल्ले दिले जातात, ते ऐकून मला चीड येते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. त्या काळात, पुण्यात बसून, आपलं दुःख आणि त्यांचं दुःख एकाच जातीचं आहे हे त्यांना दिसलं. आपल्याला शेजारी राहून का दिसू नये?

ताई, तुम्ही गेल्यावर बरंच बदललं. जानेवारी २०२५ मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या काळातला, १९६५चा आदेश एका सहीने रद्द झाला. सरकारी कंत्राटदारांनी भेदभाव करू नये आणि समान संधीसाठी पावलं उचलावीत, असं तो सांगत होता. त्यानंतर कितीतरी कंपन्यांनी विविधतेचे कार्यक्रम गुंडाळले. तुम्ही उभा केलेला आमचा गटही बंद झाला. बजेट गेलं, रकाने अहवालातून गेले. पण कॅलिब्रेशनच्या खोलीत आता मी बसते. मागच्या खेपेला एका मुलीबद्दल कोणीतरी म्हणालं, ‘थोडी तापट आहे.’ मी विचारलं, कोणत्या मीटिंगमध्ये? उदाहरण द्या. माझा आवाज कापत होता, पण प्रश्न पूर्ण विचारला. उदाहरण आलं नाही. तिला बढती मिळाली.

एक काम आहे. क्लेम्समध्ये माझ्या हाताखाली दोघी जणी आहेत, एक नागपूरची, एक नेवार्कची. दोघींनाही ऑपरेशन्सची जागा घ्यायची भीती वाटतेय, जशी मला वाटली होती. मी समजावून थकले. तुमचं त्या ऐकतील. येत्या शनिवारी सकाळी तासभर काढाल का? मी दोघींना घेऊन तुमच्याकडे येते. येताना त्यांना आपापल्या विभागाचा खर्चाचा तक्ता आणायला सांगितलाय, कारण तुम्ही पहिल्यांदा तोच मागाल, हे मला माहीत आहे.

तुमची ऋणी,
क्लेम्समधली तुमची सांगलीकर