बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती का?

महोदय,

नवी पेठेतल्या एका दुकानात परवा चादर घेतली. पैसे रोख दिले, तरी काउंटरवरचा मुलगा मोबाइल नंबर घेतल्याशिवाय बिल काढेना. ‘सिस्टीम पुढंच जात नाही,’ म्हणाला. दोष त्याचा नाही, सिस्टीम तशी बसवणाऱ्यांचा आहे.

नंबरसाठी ग्राहकाला अडवू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच बजावले होते. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही झाला. कामापुरतीच माहिती घ्यावी, संमती मोकळेपणाने दिलेली असावी, माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. कायदा चांगला आहे. पण नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदी पाळायला कंपन्यांना आणखी दीड वर्ष मिळाले. एवढी सवलत कशासाठी?

सरकारने यात पडू नये, ग्राहकाने स्वतःच ठरवावे, असे काही जण म्हणतात. आपल्याकडची विडी वळणारी बाई कर्ज देणाऱ्या ॲपच्या अटी वाचून त्यांच्याशी घासाघीस करणार आहे का? फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर ती एका बोटाने देऊन बसते.

जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेने निदान बिलाच्या सक्तीची तरी तातडीने दखल घ्यावी.

– एक ग्राहक, सोलापूर