पत्रकं वाटा, पण दुधाच्या बिलाचंही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेजांच्या फाटकावर व्हेगन, म्हणजे मांसच नव्हे तर दूध-तूपही सोडून, खाण्याची पत्रकं वाटणाऱ्या मुलामुलींना हटकावं, ही पत्रकं म्हणजे कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरचा घाला आहे, अशा अर्थाचं एका गृहस्थांचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मी राजारामपुरीत विद्यार्थ्यांची मेस चालवते. विद्यापीठात शिकणारी, इंजिनिअरिंगची, स्पर्धा परीक्षेला बसलेली पोरं माझ्याकडे जेवतात आणि ती पत्रकं त्यांच्या दप्तरातून थेट माझ्या टेबलावर येतात. आमटी सांडली की त्यांनीच पुसतात. त्यामुळे पत्रक दोन्ही बाजूंनी नीट वाचायचा योग मला आला, त्या गृहस्थांना आला नसावा.

रश्श्याला काही होत नाही, त्यांनी निर्धास्त राहावं. रविवारी दुपारी माझ्याकडे मटणाच्या ताटाला जेवढी रांग आधी होती तेवढीच आताही आहे. मटणाचं पान पोरं हसत उलटतात. कोल्हापूरच्या पोराला मटण सोड म्हणणारा कागद त्याला चेष्टेचाच वाटणार. चुळबुळ होते ती पुढच्या पानावर, जिथे दूध, दही, तूपसुद्धा सोडा असं लिहिलं आहे. कारण सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्यांना आणि श्रावणभर मटणाकडे न बघणाऱ्यांनाही आपण कुणाच्या जिवावर उठलो आहोत असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं.

माझ्या मुलाने मोबाइलवर दाखवलं, की ही रीत अमेरिकेतली. व्हेगन आउटरीच नावाची तिथली संस्था १९९३ मध्ये निघाली आणि २००३ पासून तिचे स्वयंसेवक एकेक कॉलेज वाटून घेऊन तिथल्या पोरांच्या हातात पत्रकं देऊ लागले. घर सोडून आलेलं पोर स्वतःचं ताट स्वतः भरायला लागतं, त्याच वयात त्याला गाठायचं. हिशोब चोख आहे. पण तिथे कँटीनमध्ये दहा पदार्थ मांडलेले असतात, पोर त्यातला एक उचलतं. इथे पोराच्या ताटात काय पडणार ते मी ठरवते. सकाळी सातला मंडईत काय स्वस्त मिळालं आणि गॅसवर किती शेगड्या मोकळ्या आहेत यावर ते ठरतं. पत्रक वाटणाऱ्यांपैकी आजवर एकही जण माझ्या किंवा शेजारच्या मेसच्या स्वयंपाकघरात आलेला नाही. ज्याच्या हातात पळी आहे त्याला सोडून, ज्याच्या हातात रिकामं ताट आहे त्याला उपदेश चालला आहे.

आता दुधाचं. माझं माहेर गडहिंग्लज तालुक्यातलं. घरचा ऊस कारखान्याला जायचा, पण त्याचे पैसे कधी येतील ते कुणाला सांगता यायचं नाही. दुधाचं बिल मात्र दर दहा दिवसांनी. किराणा, दवाखाना, आमच्या वह्या, सगळं त्यातून. दिवाळीला दराचा फरक मिळाला की आईची साडी. गोकुळचा संघ १९६३ मध्ये उभा राहिला, तेव्हापासून या जिल्ह्यातल्या किती बायकांच्या हातात नियमित येणारा पैसा म्हणजे हाच. उसाचं बिल बाप्यांचं, दुधाचं बाईचं, अशी आमच्या गावात सरळ वाटणी होती.

माझ्या मेसवर भुदरगडकडची एक पोरगी आहे. तिचे पैसे एक तारखेला कधीच येत नाहीत, डेअरीचं बिल झालं की येतात. मीही विचारत नाही. एके दिवशी ताटातली दह्याची वाटी बाजूला सारून म्हणाली, "काकू, मी व्हेगन झालो."

मी म्हटलं, "अगं, तुझ्या जेवणाचे पैसे दुधाचे, आणि तू दूध सोडणार?"

"म्हणून तर सोडणार. आमच्या गोठ्यात रेडा जन्मला की काय होतंय ते मला माहीत आहे की."

तिचं हे एक वाक्य अख्ख्या पत्रकाला भारी होतं. पत्रकात परदेशातल्या मोठमोठ्या शेडचे फोटो आहेत, लोखंडी गजांमागे गाईंच्या लांबच लांब रांगा. आपली पोरं ते बघतात, "आमच्यात असलं नसतंय" म्हणतात आणि पत्रकाची होडी करतात. खरंच आहे, आपल्याकडे दारात दोन म्हशी, फार तर चार. पण दारात काय होतं ते गावाकडच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, ते कुणी बोलत नाही. म्हैस दहा महिने पोटात वाढवते, व्यायली की दूध येतं. रेडी झाली तर कौतुक. रेडा झाला तर त्याला कुणी मारत नाही, त्याच्या वाट्याचं दूध तेवढं आटत जातं. ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला काम नाही, मग वैरण कोण घालणार? माझ्या लहानपणी आमच्या शेजारी एक म्हैस पान्हा चोरायची. तिचं रेडकू मेल्यावर त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवलेलं मी पाहिलं आहे. ती ते चाटायची आणि दूध द्यायची. घरातली माणसं चांगली होती, माळकरी होती.

भाकड म्हशीचंही तेच. ती बाजारात विकली जाते आणि पुढे कुठे जाते ते विचारायचं नसतं. आपल्या राज्यात गाईला कायद्याचं संरक्षण आधीपासून होतं, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आली नाही. म्हशीचं मांस परदेशी पाठवणाऱ्या देशांत आपला देश पहिल्या रांगेत आहे. त्या म्हशी आयुष्यभर कुणाच्या तरी दारात दूध देऊनच तिथवर पोचलेल्या असतात. गंगावेशीत पेल्यात थेट काढलेलं धारोष्ण दूध पिऊन मिशी पुसणाऱ्या शाकाहारी माणसाने मटणाच्या दुकानापुढच्या रांगेकडे नाक मुरडून बघावं, एवढा फरक या दोघांत मला दिसत नाही. पाकिटावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका दुधाला मिळतो, पण व्हेगन मालाला २०२२ पासून सरकारने वेगळं चिन्ह दिलं आहे, ते उगाच नाही.

मग पत्रक बरोबर आहे का? या एका बाबतीत आहे. पण ते जिथे थांबतं तिथे आमचा प्रश्न सुरू होतो. भुदरगडच्या त्या पोरीच्या आईने उद्या म्हशी विकल्या तर पोरीची फी कोण भरणार, यावर त्यात एक ओळ नाही. दूध पिऊ नका म्हणणं सोपं, दहा दिवसांनी येणाऱ्या पैशाला दुसरी वाट दाखवणं अवघड. रेडीच जन्मावी म्हणून निवडक रेतमात्रा आता मिळू लागल्या आहेत, त्याने रेड्यांचे हाल कमी होतील, भाकड म्हशीचे नाहीत. एवढं तरी पत्रक लिहिणाऱ्यांना माहीत हवं. नाहीतर पोराला वाटतं, आपली आई आणि त्या फोटोतला शेडवाला एकच. तसं वाटून घेऊन सुट्टीत घरी गेलेलं पोर आईशी काय बोलत असेल?

पत्रकाच्या शेवटच्या पानावर काय खावं ते दिलं आहे. टोफू, बदामाचं दूध, ओटचं दूध, काजूचं चीज. मी हसले. ओटच्या दुधाचा खोका दुधाच्या पिशवीच्या कितीतरी पट महाग, आणि माझ्या मेसचा महिन्याचा दर ऐकला तर तो लिहिणारा काजूचं नाव काढणार नाही. मुळात त्या यादीची गरजच नव्हती. माझ्या आठवड्यातलं निम्म्याहून अधिक जेवण आजही व्हेगनच असतं, फक्त त्याला ते नाव नाही. ज्वारीची भाकरी, झुणका, खर्डा. मटकीची उसळ. अख्खा मसूर तेलाच्या फोडणीवर केला की झालं, लोणी हॉटेलवाल्यांनी आणलं. हुलग्याची शेंगोळी, कारळाचं कूट घालून भरलेली वांगी, पोकळ्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण चटणी. मिसळीवर दही मागितलं नाही तर ती पूर्ण व्हेगन. पुरणपोळीवर तूप नको असेल तर कटाच्या आमटीत बुडवून खावी, गूळ आपला आहेच.

दूध लपून बसतं ते चार-दोन ठिकाणी. वरणभातावरचं तूप, कढी, खिचडीबरोबरचं ताक, सणाची खीर. आणि चहा. चहाला माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य करते. शेंगदाण्याचं दूध घालून करून बघितला, सगळ्या पोरांनी कप तसेच ठेवले. आता ज्यांना हवा त्यांना गवती चहा आणि आलं घालून कोरा करते. बाकी सगळं सोपं निघालं. फोडणी आधीपासून तेलाचीच होती, तुपाचं भांडं तेवढं वेगळं टेबलावर ठेवलं, ज्याला हवं त्याने वाढून घ्यावं. खर्च वाढला नाही, उलट तूप कमी लागतं. तरीही तुपाच्या भांड्याशी रोज गर्दी असते, हेही सांगायला हवं, नाहीतर पत्रकवाले माझा फोटो छापतील.

एका गोष्टीचा मात्र मला राग आला. प्रथिनांवर पानभर लिहिलंय, कॅल्शियमवर चौकट, आणि बी-१२ या जीवनसत्त्वाचं नावही नाही. वनस्पतीतून बी-१२ भरवशाने मिळत नाही. परदेशातल्या व्हेगन संस्था स्वतःच गोळी घ्या किंवा वरून बी-१२ घातलेलं अन्न खा असं सांगतात. आमच्या घरात दूध-दही भरपूर खाणाऱ्या माणसाचंही बी-१२ कमी निघालं आणि इंजेक्शनं घ्यावी लागली. मग दूधही सोडलेल्या, रात्र-रात्र जागून अभ्यास करणाऱ्या पोरीचं काय? कमतरता लगेच कळत नाही, सावकाश वाढते, हातापायाला मुंग्या येईपर्यंत कुणी लक्ष देत नाही. कॅल्शियमचं त्यामानाने बरं आहे, नाचणी आणि तीळ आपल्याकडे आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं. लोहाचं म्हणाल तर पालेभाजीवर लिंबू पिळावं आणि जेवणाबरोबर चहा पिऊ नये, हे मी कुणी व्हेगन असो-नसो सगळ्यांना ओरडून सांगते.

पत्रकं बंद करा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात बोर्डिंगा, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, उघडायला सुरुवात केली, त्या पोरांनी इथे राहून शिकावं म्हणून. कॉलेजच्या फाटकावर मिळालेल्या कागदाने इथली पोरं बिघडत नाहीत. वाचतात, भांडतात, नाहीतर टेबल पुसतात.

आणि वाटणाऱ्या मुलामुलींना माझा निरोप आहे. पुढचं पत्रक छापण्याआधी कोणत्याही गुरुवारी दुपारी तीननंतर राजारामपुरीतल्या कुठल्याही मेसमध्ये या, तेव्हा आम्हाला बसायला वेळ असतो. बदामाच्या जागी काय लिहायचं ते आम्ही सांगू, बी-१२ चं तुम्ही डॉक्टरांना विचारून लिहा. दुधाचं पान त्या भुदरगडच्या पोरीकडून लिहून घ्या, ती तयार आहे. तिच्या आईलाही विचारा. जेवून जा, पण कूपन घ्यावं लागेल.

माझं नाव-पत्ता सोबत दिला आहे, तो छापू नये ही विनंती. रोज पहाटे मला दूध घालणारे दादा आपलंच वर्तमानपत्र वाचतात आणि त्यांचं मागचं बिल अजून द्यायचं आहे.

आपली,
एक मेसवाली, राजारामपुरी, कोल्हापूर