निवेदकाचं काम पडद्यावर कोण करतं?

छत्रपती संभाजीनगर,
१४ जून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. अंबाजोगाईत दर रविवारी बारा-पंधरा पोरं जमवून आधी पुस्तक वाचायचं आणि मग त्यावरचा सिनेमा बघायचा, असं काम तू सुरू करायलास, हे वाचून फार बरं वाटलं. पण चर्चा दर वेळी ‘पुस्तक चांगलं की सिनेमा?’ याच खुंट्याला येऊन अडकते, असं तू लिहिलंस. तो खुंटाच उपटून टाक. त्याच्या जागी दुसरा प्रश्न ठेव: पुस्तकात निवेदक, म्हणजे गोष्ट सांगणारा, जे काम करत होता, ते पडद्यावर कोणाच्या अंगावर पडलं? कोणी केलं, आणि कोणीच न केल्यामुळे काय राहून गेलं?

सुरुवात सिनेमापासून नको, एका कथेपासूनच कर. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ घे. आपल्याच मातीतली आहे, एका बैठकीत वाचून होते. बाजारात टोमॅटोला भाव नाही, आणि शेवटी बाप स्वतःच पिकवलेला माल पायाखाली तुडवतो. हे सगळं आपल्याला मुलाकडून कळतं. आता पोरांना विचार, शेवटच्या प्रसंगात कॅमेरा कुठे ठेवशील? बहुतेक जण म्हणतील, बापाच्या पायांवर. मग तिथे थांबव आणि विचार, पायांवर ठेवला तर मुलगा कुठे गेला? कथेत बाप कधीच एकटा दिसत नाही, तो मुलाच्या नजरेतून दिसतो. पाय दाखवले की घटना राहते आणि बघणारा निघून जातो. मुलाचा चेहरा धरला, पायांचा फक्त आवाज ठेवला, तर निवेदक जागेवर राहतो. दुसरी अडचण रंगाची. वाचताना ‘लाल’ हा शब्द क्षणभर भेटतो आणि मन पुढे जातं. पडद्यावर तोच लाल वीस सेकंद राहिला तर रक्तासारखा दिसायला लागतो आणि टोमॅटो विसरला जातो. शॉट किती वेळ धरायचा, हा अर्थाचाच प्रश्न आहे, हे पोरांना इथे एकदम कळेल.

त्यानंतर मोठ्या पुस्तकाकडे वळा. पहिलं वाचन पेन्सिल न घेता, सलग. दुसऱ्या वाचनाला वहीच्या पानावर चार रकाने आखायचे: प्रसंग कुठे आणि कधी घडतो, त्यात कोणाला काय हवं आहे, प्रसंग संपल्यावर काय बदललं, आणि हे आपल्याला कोण सांगतंय. चौथा रकाना पोरं रिकामा सोडतात, ‘लेखक सांगतो’ म्हणून मोकळी होतात. तो भरून घेतल्याशिवाय सिनेमा लावू नकोस. तिसऱ्या रकान्यात ‘काहीच बदललं नाही’ असं आलं तर त्या प्रसंगाला खूण करून ठेवायला सांग. पटकथाकार सहसा तोच प्रसंग आधी कापतो, आणि कधी कधी नेमकं तिथेच पुस्तकाचं सगळं वातावरण साठलेलं असतं.

कापण्यावर पोरं रागावतील. त्यांना साधा हिशेब सांग. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा पटकथालेखकांचा ठोकताळा आहे. दोन तासांच्या सिनेमाला एकशेवीस पानं, तीही मोकळ्या समासाची, मनातल्या विचारांना जवळजवळ जागा नसलेली. सहा-सात तासांत वाचून होणारी कादंबरी त्यात जशीच्या तशी बसणार नाही. म्हणून काय गेलं याची यादी करण्यात रविवार घालवू नकोस.

आता जिथे खरी गंमत आहे, आणि जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ते सांगतो. मराठीत रीतिभूतकाळ आहे, म्हणजे पूर्वी नेहमी घडायचं ते सांगणारा काळ: तो जाई, बसे, म्हणे. आपल्याकडे बोलताना जायचा, बसायचा, म्हणायचा. ‘बाप रोज अंधारात उठून मोटेवर जायचा’ या एका वाक्यात शेकडो पहाटा मावतात. कॅमेऱ्याकडे हा काळ नाही. तो एकच पहाट दाखवू शकतो. त्यामुळे ‘रोज’ पडद्यावर कसं आणलं, हे शोधणं म्हणजे दिग्दर्शकाची कारागिरी शोधणं. साधारण वाट अशी असते: एकच कृती त्याच जागेवरून, त्याच चौकटीत दोनदा दाखवायची, फक्त उजेड किंवा अंगावरचे कपडे बदलायचे. प्रेक्षक मनात ‘रोज’ धरतो. मग तिसऱ्या वेळी चौकट तीच ठेवून माणूस आणायचाच नाही, म्हणजे काहीतरी मोडलं हे शब्दाविना कळतं. एकदाच दाखवलं तर सवय उरत नाही, नुसती एक घटना होते आणि व्यक्तिरेखाच बदलते. रोज पिणारा माणूस पडद्यावर त्या एका रात्री प्यालेला माणूस होऊन बसतो. म्हणून दुसऱ्या वाचनात सगळे ‘-यचा, -यची, -यचे’ आणि ‘जाई, येई’ अधोरेखित करायला लाव, आणि सिनेमा बघताना एकेकाचं काय झालं ते शोधायला सांग.

निवेदकाची जागा कोण घेतं, याची उदाहरणं मराठीतच भरपूर आहेत. १९७९ चा ‘सिंहासन’ घे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा केली, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. तिथे बघणाऱ्याला शरीर मिळालं: निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस. तो सगळीकडे हजर असतो, त्याच्या हातात काही नसतं, आणि शेवटी तो वेड लागल्यासारखा हसत सुटतो. निवेदक पात्र झाला की त्याला किंमत मोजावी लागते, पुस्तकातल्या निवेदकासारखं नामानिराळं राहता येत नाही. १९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये ते काम गाण्यांकडे गेलं. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आणि गीतं आपल्या पळसखेडच्या ना. धों. महानोरांची. ठाकरांचा समूह गातो आणि आपल्याला त्यांचं जग कळतं. गाणी आली की पुढे ढकलायची सवय पोरांना असेल तर हा सिनेमा त्यांना अर्धाच दिसेल.

‘बनगरवाडी’ मात्र अवघड आहे, ती तिसऱ्या महिन्यात घे. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ ची, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५ चा. इथे सांगणारा मास्तर मुख्यतः बघतो, आणि गावच नायक आहे. सिनेमाला सहसा काही मिळवू पाहणारा माणूस लागतो. बघणाऱ्या नायकाला दोन तास कसं सांभाळलं, एवढ्या एकाच प्रश्नावर एक रविवार पुरेल. ‘श्यामची आई’त वेगळा पेच आहे. पुस्तकात बेचाळीस रात्री मोठा श्याम मित्रांना लहान श्याम सांगतो, म्हणजे एका माणसात दोन वयं आहेत. पडद्यावर मूल समोर दिसलं की आठवणाऱ्या माणसाचा पश्चात्ताप कुठे ठेवायचा? आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा बघताना पोरांनी हेच शोधावं.

व्यक्तिरेखेबद्दल एक नियम कडक पाळ. पहिला अर्धा तास विशेषणांना बंदी. ‘प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी’ ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची भाषा आहे, तिने माणूस दिसत नाही. फक्त क्रियापदं: काय मागितलं, काय लपवलं, कोणासमोर उठून उभा राहिला, कोणासमोर बसूनच राहिला. प्रत्येक क्रियापदापुढे पुस्तकाचं पान किंवा सिनेमातलं मिनिट लिहायचं. मग नटाने स्वतःचं काय घातलं ते वेगळं काढायचं. एखादी थांबलेली नजर पटकथेत नसेलही, ती नटाची असेल. ही दोन कामं एकत्र झाली की दिग्दर्शकाला सगळ्याचं श्रेय जातं आणि पटकथाकाराचं नावसुद्धा कोणी घेत नाही.

आणि बोली! हे तू तरी सोडू नकोस. कित्येक सिनेमांत खेडेगाव कुठलंही असो, बोली तीच सातारा-कोल्हापूरकडची: ‘जातूया, करतूया’. आपला माणूस ‘जायलाव, करायलाव’ म्हणतो, नांदेडकडे गेलं की वळण आणखी बदलतं, उदगीरकडे कानडीचा शेजार ऐकू येतो. पोरांचे कान यात तयार आहेत, त्याचा उपयोग कर. पात्र घरात काय बोलतं, तहसीलमध्ये काय बोलतं, सावकारासमोर कुठल्या शब्दावर अडखळतं, हे लिहून घ्यायला लाव. जिथे बोली बदलते तिथे बहुतेकदा माणसाची भीती किंवा गरज उघडी पडते. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ यासाठी जरूर वाचा. शिंप्याच्या घरातली पार्वती ती सगळी गोष्ट सांगते, आणि सांगणंच बोलीत आहे, नुसते संवाद नाहीत. पडद्यावर आणायची म्हटली तर तिचं हे सांगणं कुठे जाईल? मागून तिचा आवाज वापरला तर जपावं लागेल: चित्रात दिसतं तेच आवाज सांगायला लागला की दोन्ही मरतात. चित्र एक म्हणतंय आणि बाई त्याला झाकून घेत दुसरंच म्हणते, तेव्हाच तो आवाज लागतो.

सिनेमा बघायची पद्धत: एकदा सलग, मध्ये न थांबवता. पुढच्या रविवारी थांबवत, प्रसंगांची यादी आणि वेळ लिहीत. मग निवडक दहा मिनिटं आवाज बंद करून, आणि तीच दहा मिनिटं पडद्याकडे पाठ करून. आवाज बंद केल्यावर कोण कोणाकडे बघतं ते कळतं, पाठ केल्यावर बैलाची घंटा, पंप, दूरचा ट्रक ऐकू येतो. गट पाड: तिघांनी निवेदक सांभाळायचा, तिघांनी काळ, तिघांनी बोली, उरलेल्यांनी आवाज. प्रतीकं शोधणारा गट काढू नकोस, नाहीतर प्रत्येक विहिरीला आणि पणतीला अर्थ चिकटेल. एखादी वस्तू तीनदा आली आणि दर वेळी कोणीतरी तिच्याशी वेगळं वागलं, तरच तिच्यावर बोलायचं.

‘लाल चिखल’चे कागद झाले की मला पाठव, विशेषतः कॅमेरा कुठे ठेवला त्याची चित्रं. चांगली आली नसली तरी पाठव. मृग लागून आठवडा झाला, तुमच्याकडे पाऊस झाला का? काकांना नमस्कार, वहिनींना सांग, पुस्तकं पोस्टाने वेगळी पाठवतोय.

तुझाच मित्र